तारे, साथी आणि प्राण्यांची संख्या : तिन्हींसाठी एकच समीकरण वापरणे कितपत योग्य?

स्वाती_नक्षत्र

नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून संगणकीय भौतिकी हा माझा विशेष विषय आहे. प्रकल्पासाठी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी असे सुचवले आहे की अभिक्रिया-विसरण समीकरण सोडवणारा एक प्रोग्रॅम लिहावा आणि तोच प्रोग्रॅम तीन ठिकाणी चालवून पाहावा : नव्या प्रदेशात शिरलेल्या प्राण्यांचा फैलाव, साथीच्या रोगाची पुढे सरकणारी लाट, आणि श्वेत बटू ताऱ्याच्या (ताऱ्याच्या आयुष्याअखेर उरणाऱ्या अतिदाट अवशेषाच्या) अंतर्भागात पेटलेल्या कार्बनची ज्योत. समीकरण शब्दांत सांगायचे तर साधे आहे. एखाद्या ठिकाणची घनता किती बदलते, तर शेजारून विसरणाने जेवढी येते तेवढी, अधिक जागच्या जागी जेवढी वाढते तेवढी.

गणित मला समजते आणि प्रोग्रॅमही लिहिता येईल. अडचण वेगळी आहे. ताऱ्याच्या बाबतीत गुरुत्वाकर्षण, वायूचा दाब, अणुकेंद्रीय अभिक्रियांचे दर या सगळ्यांमागे नियम आहेत आणि त्यांतील बरेच आकडे ताऱ्याकडे न पाहताही ठरवता येतात. कोल्हा किंवा माणूस असा कोणता नियम पाळतो, ज्याच्या आधारावर मी त्याच्या हालचालीला ‘विसरणांक’ (किती झपाट्याने पसरते ते सांगणारा आकडा) जोडावा? येथे खरोखर भौतिकशास्त्र आहे, की भौतिकशास्त्राचा केवळ पेहराव चढवलेला आहे? शिवाय, तिन्ही ठिकाणी आलेख निरीक्षणांशी जुळले, तर तेवढ्यावरून प्रतिमान बरोबर आहे असे म्हणता येईल का? मौखिक परीक्षेत हे प्रश्न नक्की विचारले जातील, आणि त्याआधी ते माझे मलाच छळत आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_गणिती

प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

हे समीकरण भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात गेले, हा समजच अर्धवट आहे. १९३७ साली रोनाल्ड फिशर यांनी ते एखाद्या लाभदायक जनुकाचा प्रसार समजून घेण्यासाठी मांडले, आणि त्याच वर्षी कोल्मोगोरोव्ह, पेत्रोव्स्की व पिस्कुनोव्ह या रशियन गणितज्ञांनी त्याचे काटेकोर विश्लेषण केले. म्हणजे त्याचा जन्मच लोकसंख्येच्या प्रश्नातून झाला आणि ज्वलनाच्या अभ्यासकांनी ते नंतर उचलले. त्यातील वाढीचे पद तर आणखी जुने आहे. मर्यादित साधनसामग्रीत वाढणाऱ्या लोकसंख्येसाठी फेरहुल्स्ट यांनी लॉजिस्टिक समीकरण १८३८ मध्येच मांडले होते.

आता कोल्हा कोणता नियम पाळतो, या प्रश्नाकडे येऊ. एकटा कोल्हा कोणताही नियम पाळत नाही, आणि त्याने तो पाळावा अशी अपेक्षाही नाही. पाण्यात तरंगणारा परागकण तरी कोठे पाळतो? १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले ते एवढेच की असंख्य लहान, परस्परांशी फारसा संबंध नसलेले धक्के एकत्र आले की त्यांच्या तपशिलाला महत्त्व उरत नाही. उरतो तो एकच आकडा, म्हणजे एकक काळातील विस्थापनाच्या वर्गाची सरासरी. धक्के रेणूंचे आहेत की भूक, भीती आणि जोडीदाराचा शोध यांचे आहेत, हे समीकरणाला कळत नाही. चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये यादृच्छिक प्रक्रियांवर लिहिलेल्या दीर्घ लेखात हीच विचारसरणी ब्राऊनियन गतीपासून (द्रवातील कणांच्या अशाच वेड्यावाकड्या हालचालीपासून) ताऱ्यांवर शेजारच्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे बसणाऱ्या धक्क्यांपर्यंत नेली आहे. त्यामुळे विसरण हा पदार्थाचा गुणधर्म मानण्यापेक्षा बेरजेचा गुणधर्म मानावा, असे माझे मत आहे.

हे केवळ तत्त्वज्ञान नाही. १९०५ मध्ये प्रागजवळ मोजके मस्करॅट (पाणथळ जागी राहणारे उंदरासारखे प्राणी) मोकळे सुटले आणि पुढील काही दशकांत ते मध्य युरोपभर पसरले. जॉन स्केलॅम यांनी १९५१ मध्ये त्यांच्या व्याप्तीच्या नकाशांवरून क्षेत्रफळ काढले, त्याचे वर्गमूळ घेतले आणि ते कालासमोर मांडले. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले. समीकरणाचे भाकीत नेमके हेच आहे : आघाडी, म्हणजे पसरणाऱ्या समूहाची पुढची कड, स्थिर वेगाने सरकते, आणि तो वेग म्हणजे वाढीचा दर व विसरणांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. केवळ विसरण असते तर क्षेत्रफळ स्वतःच कालाच्या प्रमाणात वाढले असते, त्याचे वर्गमूळ नव्हे. वाढ आणि भटकंती एकत्र आल्याशिवाय ती सरळ रेषा मिळत नाही.

एक उदाहरण आकड्यांत पाहा. वाढीचा दर वर्षाला १ आणि विसरणांक वर्षाला १०० चौरस किलोमीटर धरला, तर आघाडी वर्षाला २० किलोमीटर सरकते. प्राणी चौपट भटके केले तरी वेग दुप्पटच होतो. वाढीचा दर आणि भटकंती हे दोन्ही आकडे आघाडीकडे न पाहता मोजता येतात : पहिला पिलांच्या जन्ममृत्यूवरून, दुसरा खुणेच्या पट्ट्या बांधून सोडलेल्या प्राण्यांच्या हालचालीवरून. त्यांतून आलेला वेग नकाशावरील वेगाशी जुळला तर तो योगायोग नसतो. ‘जुळले म्हणजे बरोबर का?’ याचे माझे उत्तर हे आहे : आकडे कोठून आणले त्यावर ते अवलंबून आहे. वेगावरून विसरणांक काढून त्याच विसरणांकाने पुन्हा वेग सिद्ध करणे, याला पडताळा म्हणत नाहीत.

श्वेतबटू

जुना_गणिती यांनी जनुक आणि मस्करॅट यांच्याबद्दल जे लिहिले आहे त्याला माझी हरकत नाही. ताऱ्याबद्दल मात्र आहे, कारण तिन्ही प्रश्नांना एकच समीकरण लागू पडते ही समजूत नेमकी तेथेच कोसळते.

फिशरच्या आघाडीचा वेग ठरतो तो तिच्या अगदी पुढच्या, विरळ टोकाला. तेथे घनता नगण्य असल्यामुळे प्रत्येक प्राणी पूर्ण दराने वाढतो, आणि ते टोक मागच्या सगळ्या समूहाला पुढे ओढून नेते. अशा आघाडीला ओढली जाणारी आघाडी म्हणतात. श्वेत बटूमध्ये पुढच्या टोकाला काय असते? न तापलेला कार्बन. सुमारे १०० कोटी केल्विनच्या आसपास कार्बनच्या ज्वलनाचा दर तापमानाच्या विसाव्याहूनही मोठ्या घाताने वाढतो, म्हणजे तापमान दहा टक्के वाढले तर ज्वलन सहा-सात पटींहून जास्त होते. उलट बाजूने पाहिले तर टोकाशी तापमान थोडे कमी असले की ज्वलन जवळजवळ शून्य. तेथे पुढे ओढणारे कोणीच नाही. मागचा जळता थर उष्णता पुढे ढकलतो, तेव्हाच पुढचा थर पेटतो. ही ढकलली जाणारी आघाडी झाली. तिच्या वेगाचे सूत्र वेगळे आहे आणि त्याचा उगम १९३८ मधील झेल्डोविच व फ्रांक-कामेनेत्स्की यांच्या ज्योतीच्या सिद्धान्तात आहे. शिवाय येथे जे पसरते ती उष्णता आहे, मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या वहनाने. कार्बनचे अणुकेंद्र त्या मानाने जागचे हलत नाही. मस्करॅटच्या बाबतीत पसरणारा आणि वाढणारा घटक एकच असतो. येथे पसरते एक आणि जळते दुसरेच.

गमतीचा भाग पुढे आहे. अतिनवताऱ्याच्या (ताऱ्याच्या प्रचंड स्फोटाच्या) संगणकीय प्रतिमानांत फिशर-कोल्मोगोरोव्ह समीकरण खरोखरच वापरले जाते, परंतु ज्योतीचे भौतिकशास्त्र म्हणून नव्हे. चंद्रशेखर मर्यादेजवळ, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाजवळ पोहोचलेल्या श्वेत बटूची त्रिज्या साधारण दोन हजार किलोमीटर असते, तर त्याच्या केंद्राजवळच्या घनतेला ज्योतीची जाडी एका सेंटिमीटरच्याही अगदी लहान अंशाएवढी असते. गणनेसाठी ताऱ्याचे कप्पे पाडणारी एक किलोमीटरची जाळी घेतली तरी तिचा एक कप्पा एक लाख सेंटिमीटरचा होतो. खरी ज्योत त्या जाळीत दिसणे शक्यच नाही. म्हणून प्रतिमानकार ज्योत मुद्दाम काही कप्प्यांएवढी जाड करतात आणि तिची आघाडी इच्छित वेगाने सरकावी म्हणून एका कृत्रिम चलासाठी अभिक्रिया-विसरण समीकरण सोडवतात. वेग बाहेरून पुरवला जातो : सूक्ष्म प्रमाणावरच्या स्वतंत्र गणितातून किंवा प्रक्षोभाच्या (वायूतील खळबळीच्या) एखाद्या अंदाजातून. येथे समीकरण म्हणजे ज्योत हव्या त्या वेगाने सरकवण्याची युक्ती आहे. हे न सांगता कोणी ‘पाहा, ताऱ्यातही तेच समीकरण चालते’ असे म्हणू लागले, तर परीक्षकांनी अवश्य थांबवावे.

ताऱ्यांचे सगळे आकडे बाहेरून मोजलेले असतात, या समजुतीबद्दलही थोडे. ताऱ्याची रचना सांगणारी चार मूळ समीकरणे पक्की आहेत : वस्तुमान, दाबाचा तोल, ऊर्जेची निर्मिती आणि ऊर्जेचे वहन. त्यांतील चौथ्या समीकरणात संवहन (तापलेला वायू वरखाली होऊन उष्णता वाहणे) आले की मिश्रण-लांबी नावाचा एक प्राचल येतो, आणि तो सूर्याची त्रिज्या व तेजस्विता बरोबर येईपर्यंत फिरवून बसवतात. म्हणजे आमच्याकडेही खटपटीचा आकडा आहेच. तरी उरलेले सांगाडे किती भक्कम असतात ते न्यूट्रिनोंच्या (सूर्यातील अणुकेंद्रीय अभिक्रियांतून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या) प्रकरणात दिसले. रेमंड डेव्हिस यांच्या होमस्टेक खाणीतील प्रयोगाला सूर्याच्या प्रतिमानाने सांगितलेल्या न्यूट्रिनोंपैकी साधारण एक तृतीयांशच सापडत होते. प्रतिमानात फिरवून तफावत मिटवता येईल असा मोकळा आकडा मिळेना, आणि सूर्याच्या कंपनांची निरीक्षणेही प्रतिमानाच्या बाजूने साक्ष देत होती. अखेर २००१ व २००२ मध्ये सडबरी न्यूट्रिनो वेधशाळेच्या मोजमापांनी दाखवले की न्यूट्रिनो वाटेतच प्रकार बदलतात. प्रतिमान इतके ताठ होते की चूक कणभौतिकीत शोधावी लागली. साथीच्या प्रतिमानात तीन पटींची तफावत आली असती, तर एखादा गुणांक बदलून ती दुसऱ्याच दिवशी नाहीशी केली गेली असती.

साथीचा_अभ्यासक

श्वेतबटू यांचे शेवटचे वाक्य बोचरे आहे, परंतु खोटे नाही. त्याला जोड म्हणून आमच्याच क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध आलेख घेतो.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथीचे जे प्रतिमान मांडले, त्यात लोकसंख्येचे तीन गट असतात : संसर्ग होऊ शकणारे, संसर्ग झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीबाहेर गेलेले. पहिल्या दोन गटांच्या गाठीभेटी रसायनशास्त्रातील रेणूंच्या टकरींप्रमाणे मोजल्या जातात, म्हणजे त्या दोन्ही गटांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होतात. या प्रतिमानाच्या पुष्ट्यर्थ त्यांनी जो एक प्रत्यक्ष आलेख दिला तो मुंबईतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचा होता. घंटेच्या आकाराचा सिद्धान्तातील वक्र आणि मृत्यूंचे बिंदू इतके सुंदर जुळतात की तो आलेख पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापला जात आहे. परंतु गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे थेट पसरत नाही. तो उंदरांवरील पिसवांमधून येतो, आणि पिसवा ऋतुमानाप्रमाणे वाढतात व घटतात. मूळ लेखकांनाही उंदरांची भूमिका ठाऊक होती आणि त्यांनी सोपी गृहीतके स्पष्टपणे लिहून ठेवली होती. ऋतूंचा परिणाम बाजूला ठेवून केलेला तो मेळ साथ ओसरण्याचे कारण सांगतो, असे आज कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. उन्हाळा आला म्हणून साथ उतरली, की संसर्ग होऊ शकणारे संपत आले म्हणून उतरली, हे त्या एका वक्रावरून कळत नाही, कारण दोन्ही कारणे घंटेचाच आकार देतात. आलेख जुळला म्हणजे प्रतिमान बरोबर का, या आपल्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

आता एक लहान हिशेब स्वतः करून पाहा. साथीच्या सुरुवातीला रुग्णसंख्या तीन दिवसांत दुप्पट होत आहे असे समजू. यावरून वाढीचा दर दिवसाला सुमारे ०.२३ मिळतो, आणि निरीक्षणांतून तेवढेच मिळते. एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो, म्हणजे ज्याला आर-नॉट म्हणतात तो आकडा, त्यातून थेट मिळत नाही. रुग्ण सरासरी चार दिवस संसर्ग देऊ शकतो असे धरले तर साध्या प्रतिमानात आर-नॉट १.९ येतो, दहा दिवस धरले तर तोच ३.३ होतो. सुरुवातीचा आलेख दोन्ही वेळा एकच असतो. परंतु साथ आपोआप मंदावण्यासाठी किती टक्के लोक रोगप्रतिकारक असावे लागतील याचे उत्तर पहिल्या वेळी ४८ टक्के आणि दुसऱ्या वेळी ७० टक्के येते. संगणक कितीही मोठा घेतला तरी ही दरी मिटत नाही. ती मिटते ती कोणाकडून कोणाला, किती दिवसांनी संसर्ग झाला याच्या चिकाटीने केलेल्या नोंदींनी.

कार्बनपेक्षा आमची आणखी एक पंचाईत आहे. प्रतिमानाने धोका सांगितला की लोक भेटीगाठी कमी करतात, आणि ज्या आकड्यावर भाकीत उभे होते तोच आकडा बदलतो. भाकीत चुकले म्हणून टीका होते, पण ते चुकवणे हाच अनेकदा त्यामागचा उद्देश असतो.

विसरणाबद्दल म्हणायचे तर युरोपातील कोल्ह्यांमध्ये रेबीजची आघाडी वर्षाला साधारण ३० ते ६० किलोमीटर या वेगाने सरकली आणि तेथे हे समीकरण चांगले चालले. माणसांच्या आधुनिक साथींना ते चालत नाही, कारण विमानाने जाणारा प्रवासी मधल्या प्रदेशाला स्पर्शही न करता खंड ओलांडतो. ब्रॉकमन आणि हेल्बिंग यांनी २०१३ मध्ये दाखवले की नकाशावरील किलोमीटरऐवजी प्रवाशांच्या वर्दळीवरून अंतर मोजले, तर विस्कळीत दिसणाऱ्या जागतिक साथीतही पुन्हा नियमित लाट दिसू लागते. भौतिकशास्त्रज्ञाच्या दृष्टीचा खरा उपयोग मला अशा कामांत दिसतो.

स्वाती_नक्षत्र

सर्वांचे मनापासून आभार. ओढली जाणारी आणि ढकलली जाणारी आघाडी हा भेद मला माहीत नव्हता. आता दोन गोष्टी विचारते. ढकलली जाणारी आघाडी प्राण्यांच्या संख्येतही आढळते का? आणि प्राणी किंवा रुग्ण मोजके असताना घनतेचे अखंड समीकरण वापरण्याऐवजी एकेक व्यक्तीचे प्रतिमान करावे का?

रिकामा_संच

पहिल्याचे उत्तर होय. अनेक प्रजातींमध्ये संख्या फार विरळ झाली की जोडीदार मिळत नाही, कळपाचे संरक्षण राहत नाही, आणि वाढीचा दर घटतो किंवा ऋण होतो. याला ॲली परिणाम म्हणतात. त्यात आघाडीचे विरळ टोक निकामी होते आणि मागच्या दाट समूहालाच पुढे ढकलावे लागते. म्हणजे ॲली परिणाम असलेला प्राणी गणिताच्या दृष्टीने मस्करॅटपेक्षा कार्बनच्या ज्योतीला जवळचा आहे. प्रकल्पाची मांडणी ‘तीन विषय, एक समीकरण’ अशी न करता ‘दोन प्रकारच्या आघाड्या’ अशी केलीत, तर ती अधिक खरी होईल आणि मॅडमनाही आवडेल असे वाटते.

दुसऱ्या प्रश्नासाठी समीकरणापूर्वी एकच आकडा विचारावा : मोजायच्या वस्तू किती? सूर्यात दहाच्या ५७व्या घाताएवढे कण आहेत, त्यामुळे तेथे अखंड घनता म्हणणे निर्धास्त आहे. ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छात एक लाख ते दहा लाख तारे असतात. तेथे प्रत्येक ताऱ्याचे इतर प्रत्येकावरील आकर्षण मोजावे लागते आणि दहा लाख ताऱ्यांच्या एका टप्प्याला सुमारे पन्नास हजार कोटी जोड्या होतात. शाखांमध्ये विभागणी करून दूरच्या ताऱ्यांचा एकत्र विचार करणारी बार्न्स आणि हट यांची १९८६ ची पद्धत हे ओझे प्रचंड कमी करते. साथीच्या पहिल्या आठवड्यात मात्र रुग्ण बोटांवर मोजण्याएवढे असतात.

तेथे अखंड समीकरण कसे फसवते याचे नामांकित उदाहरण रेबीजचेच आहे. एका गाजलेल्या प्रतिमानात पहिली लाट ओसरल्यावर संसर्ग झालेल्या कोल्ह्यांची घनता दर चौरस किलोमीटरला दहाच्या उणे अठराव्या घातापर्यंत उतरते आणि काही वर्षांनी त्यातूनच दुसरी लाट उठते. ती घनता सबंध पृथ्वीच्या पृष्ठभागावर पसरली तरी एकूण एका कोल्ह्याचा अब्जावा भागही भरत नाही. डेनिस मॉलिसन यांनी १९९१ मध्ये या अ‍ॅटो-कोल्ह्यावर नेमके बोट ठेवले (‘अ‍ॅटो’ म्हणजे दहाचा उणे अठरावा घात). प्रत्यक्षात तेथे रोग संपलेला असतो.

उलट टोकाला, साथ पेटेल की विझेल हा प्रश्न तर अखंड समीकरणात येतच नाही. आर-नॉट २ असेल तर समीकरण म्हणते साथ पसरणारच. एकेक रुग्ण धरून, प्रत्येक जण पुढे सरासरी दोघांना पण पॉयसाँ वितरणाने (निव्वळ योगायोगाने कमीजास्त होणाऱ्या संख्येच्या नियमाने) संसर्ग देतो असे मानले, तर एका रुग्णापासून सुरू झालेली साखळी आपोआप विझण्याची शक्यता सुमारे २० टक्के येते. याच गृहीतकावर पेटलेली साथ अखेर सुमारे ८० टक्के लोकांना गाठते. दोन्ही आकडे एकाच समीकरणाची दोन रूपे आहेत. हे गणित गाल्टन आणि वॉटसन यांनी १८७४ मध्ये आडनावे नामशेष होण्याबद्दल केले होते, आणि अणुभट्टीत न्यूट्रॉनांची साखळी टिकेल की नाही हे ठरवायलाही तेच लागते. प्रत्यक्ष रोगांत विषमता पॉयसाँहून बरीच जास्त असू शकते. २००३ च्या सार्समध्ये सिंगापूरमधील बहुसंख्य रुग्णांनी पुढे कोणाला संसर्ग दिल्याचे आढळले नाही, तर मोजक्या रुग्णांनी अनेकांना दिला. अशी विषमता असेल तर विझण्याची शक्यता वाढते.

जुना_गणिती

रिकामा_संच यांच्याशी मी सहमत आहे. फक्त एक सूक्ष्म गोष्ट जोडतो. संख्या मोठी झाली की चढउतार तिच्या वर्गमुळाच्या हिशेबाने नगण्य होतात, हा आपला सरावाचा आडाखा ओढल्या जाणाऱ्या आघाडीला लागू पडत नाही, कारण तिचा वेग ठरवणारे टोक नेहमीच मोजक्यांचे असते. ब्रुने आणि देरिदा यांनी १९९७ मध्ये दाखवले की वेगातील घट लॉगरिदमच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. आदर्श वेग २ असेल अशा एककांत ती घट म्हणजे पायचा वर्ग भागिले संख्येच्या लॉगरिदमचा वर्ग. संख्या हजार धरली तर घट साधारण दहा टक्के, आणि दहा लाख धरली तरी अडीच टक्क्यांच्या आसपास राहते. ढकलल्या जाणाऱ्या आघाडीला हा त्रास फारच कमी असतो. आपण दोन प्रकारच्या आघाड्या घेणार असाल तर हा फरक प्रत्यक्ष चालवून दाखवण्यासारखा आहे.

श्वेतबटू

प्रोग्रॅमबद्दल काही सूचना, म्हणजे नंतर वेळ वाया जाणार नाही.

साधी पुढे जाणारी पद्धत वापरणार असाल तर एका मितीत विसरणांक गुणिले कालाचा टप्पा हे जाळीच्या अंतराच्या वर्गाच्या निम्म्याहून कमी ठेवा, नाहीतर उत्तर उसळ्या मारू लागेल. पडताळ्यासाठी आधी ॲली परिणामाचे त्रिघाती रूप घ्या, ज्यात वाढ ही घनता, एक वजा घनता आणि घनता वजा उंबरठा (ज्याखाली संख्या घटू लागते ती घनता) या तिघांचा गुणाकार असते. विसरणांक १ असताना तिचा वेग अचूक माहीत आहे : एक वजा दोन उंबरठे, भागिले दोनचे वर्गमूळ. उंबरठा ०.२५ असेल तर ०.३५४ यायला हवा. उंबरठा ०.५ च्या वर नेला तर आघाडी मागे सरकली पाहिजे. ती पुढेच जात राहिली तर चिन्हाची चूक शोधा.

फिशरच्या रूपात मात्र वेग लगेच २ येणार नाही, आणि ती चूक समजून प्रोग्रॅम मोडत बसू नका. मॉरी ब्रॅमसन यांच्या निष्कर्षानुसार वेग २ कडे फार सावकाश जातो. काल ५० असताना तो सुमारे १.९७ असतो. सुरुवातीची घनता एका मर्यादित पट्ट्यातच ठेवा आणि बाहेर ती खरोखर शून्य असू द्या. सोयीसाठी हळूहळू कमी होत जाणारी घातांकी शेपटी दिलीत, तर ती पुरेशी संथ असल्यास आघाडी २ पेक्षा अधिक वेगाने धावेल आणि तो वेग प्राण्यांचा नसून आपण दिलेल्या शेपटीचा असेल.

स्वाती_नक्षत्र

समजले. मी मॅडमना मस्करॅटसारखी फिशरची आघाडी आणि ॲली परिणामाची आघाडी, अशा दोन्ही आघाड्या अखंड व एकेक व्यक्तीच्या प्रतिमानांत चालवून पाहण्याचा प्रस्ताव देते. साथीचा भाग आर-नॉट आणि दुपटीचा काळ यांच्या हिशेबापुरता ठेवीन आणि कार्बनची ज्योत वेगळ्या प्रकरणात, तिच्या स्वतःच्या सूत्रासह घेईन. त्रिघाती रूपाची चाचणी आधी लावते, ०.३५४ आला की येथे कळवीन.

साथीचा_अभ्यासक

प्रस्ताव योग्य वाटतो. एकेक व्यक्तीचे प्रतिमान चालवताना प्रत्येक वेळी यादृच्छिक अंकांचे बीज बदलून अनेकदा चालवा, आणि अहवालात केवळ सरासरी न देता साखळी किती वेळा विझली तेही द्या. विझलेल्या फेऱ्या सरासरीत मिसळल्या, तर प्रत्यक्षात कोणत्याच फेरीत न दिसलेली मध्यम आकाराची साथ आलेखावर उमटते.